आईचा वासोटा

आई गेली त्याला वर्ष झालं, वर्षश्राद्ध रीतसर केलं, पण लेक म्हणाली आजीसाठी काहीतरी आजीला आवडेल असं करूया ना, मग काय, पुढच्याच शनिवारी पहाटे आईच्या आवडत्या वासोटा किल्ल्यावर जायला साताऱ्यातनं निघालो, यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोली. कासला आता फुलं नाहीत, नुसता कातळ आणि वाळकं गवत. आईला हेच कास आवडायचं. सप्टेंबरातली गर्दी बघून म्हणायची, "फुलं बघायला आलीत का एकमेकांच्या गाड्या?"

बामणोलीला लाँच ठरवली. खाली शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, आणि त्या पाण्याखाली कुठंतरी आईचं माहेर. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा ती पंधरा-सोळाची होती. लाँचमध्ये बसली की बोट दाखवायची, हितं आमचा वाफा, हितं चिंच. आम्हाला दिसायचं फक्त पाणी. पण रडगाणं नाही हो कधी. पुढं लग्न होऊन साताऱ्यात आली आणि 11 डिसेंबर 1967 चा भूकंप झाला, माणसं गेली ते सांगताना गप्प व्हायची, आणि मग हळूच म्हणायची, पण उघड्यावर झोपायची मजा मला तेव्हा कळली बघ!

शिवणकाम करून चार पैसे जमले की ही निघालीच. बाबा घरात, ही एसटीत. 2022 मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा तर विचारूच नका, कुठाय विचारलं की "फलटण" नाहीतर "पाटण", कामबीम काही नाही, गाडी लागली होती म्हणून बसले.

पलीकडं उतरल्यावर वनखात्याच्या माणसानं पिशव्यांतलं प्लॅस्टिक मोजून लिहून घेतलं (चांगली पद्धत आहे, सगळीकडं हवी). मग ओढा, मारुती, आणि तिथनं सरळ चढ. जंगल दाट, ऊन लागत नाही पण दम लागतो. आई इथं पाचवारीचा पदर खोचून, बाबांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून चढायची, बूट मोठे म्हणून पुढं कापूस कोंबलेला, आणि उतरताना तो कापूस गोळा होऊन अंगठ्याला टोचायचा तर दर वळणावर बसून बूट काढून झटकायची, मागची सगळी रांग थांबलेली. कुणी म्हणालं आजी जमंल का, तर "पाय माझेच हायत, भाड्यानं आणलं न्हाईत."

नातीला ताई तेलिणीची गोष्ट तिनंच सांगितलेली, पेशव्यांच्या बापू गोखल्यांच्या फौजेपुढं हा किल्ला लढवणारी बाई. आता लेक मलाच सांगत होती, आजीच्याच हातवाऱ्यांसकट. वर बाबूकड्याच्या टोकाला गेलो, समोर जुन्या वासोट्याचा डोंगर, मध्ये ती खोल दरी, माझे पाय लटपटले आणि ही पोरगी पालथी पडून खाली वाकून बघतीये. मी ओरडले. आईवरही असंच ओरडायचे.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, उतरलो, लाँच गाठली. बामणोलीत रेंज आली तसा मावशीचा फोन, आईची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली. मला वाटलं आठवण काढून रडेल. तर म्हणते, "तिनं मला एकदाबी नेलं न्हाई वासोट्याला, तुमीबी न्हाई. पुढच्या खेपंला मला न्यायचं. गुडघ्यांचं मी बघते."