मेलेली बुरशी शिसं कसं खाते?

पाण्यातलं शिसं बुरशीने काढायचं काम करतो असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एवढं शिसं खाऊन ती बुरशी मरत कशी नाही?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. ती आधीच मेलेली असते. आम्हीच मारतो.

सायट्रिक अ‍ॅसिडचे कारखाने अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी मोठाल्या टाक्यांत वाढवतात. अ‍ॅसिड काढून घेतलं की तिचा चोथा उरतो. तो कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात उकळायचा, धुवायचा, सुकवायचा, दळायचा, चाळायचा. खाण्याचा प्रश्नच येत नाही. काम करते ती पेशीची भिंत. तिच्यातल्या कायटिनवर आणि इतर घटकांवर अमिनो, कार्बॉक्सिल, फॉस्फेट असे रासायनिक गट असतात आणि शिशाचे धनभारित कण, म्हणजे आयन, त्यांना चिकटतात. जिवंत बुरशीला अन्न द्यावं लागतं, शिवाय विषाने ती खरंच मरेल. मेलेलीला कसलीच काळजी नाही. १९८१ साली त्सेझोस आणि वोलेस्की या संशोधकांनी मेलेल्या ऱ्हायझोपस बुरशीच्या एका ग्रॅमवर १८० मिलिग्रॅमहून जास्त युरेनियम बसल्याचं दाखवलं होतं.

सगळा खेळ पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्या मापाचा; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन आधीच जागा अडवून बसतात, शिसं बाहेर ताटकळतं. पाचच्या आसपास ते छान बसतं. सहासंयुजी क्रोमियमचं मात्र उलटं: ते पाण्यात ऋणभारित असतं, म्हणून हायड्रोजनच्या आयनांनी धनभारित झालेली भिंतच त्याला ओढते आणि त्याला पीएच दोनच्या जवळपास हवा.

यात मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. नव्या भुकटीने पाण्यातलं जवळजवळ सगळं शिसं ओढून घेतलं. दोन दिवस मी हवेत. मग फ्लास्कच्या तळाशी पांढुरका गाळ दिसला. भुकटी नीट धुतलीच नव्हती. तिच्यात राहिलेल्या सोड्याने पीएच चढला आणि शिसं हायड्रॉक्साइड होऊन आपसूक खाली बसलं. बुरशी न घालता नुसता सोडा टाकून पाहिला, निकाल तोच. त्या दिवसापासून बिनबुरशीचा एक फ्लास्क शेजारी ठेवल्याशिवाय मी प्रयोग लावत नाही, आणि दुसऱ्यांचे झकास आकडे वाचताना आधी पीएच बघतो.

खरं तर विचारायला हवं ते कुणी विचारत नाही: मग ते शिसं जातं कुठे? कुठेच नाही. पाण्यातून भुकटीवर येतं. सौम्य आम्लाने धुतलं की थोडक्या द्रावणात सुटतं आणि भुकटी पुन्हा वापरता येते, पण ते द्रावण जहालच. शिवाय नुसती भुकटी नळीत भरली तर पाणी तुंबतं, म्हणून अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाच्या, गोळ्यांत बांधावी लागते. आणि खऱ्या पाण्यातलं कॅल्शियम त्याच जागांवर हक्क सांगतं. कारखाने अजून तयार रेझिनच, म्हणजे आयन पकडणारे कृत्रिम मणीच, घेतात ते उगाच नाही.

घरी करता येईल का, असंही विचारलंत. नका करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं नसावं. भुकटीच्या जागा भरल्या की रंग बदलत नाही, वास येत नाही, शिसं सरळ पुढे निघून जातं आणि पाणी तसंच नितळ दिसतं. ते कळायला प्रयोगशाळेतलं यंत्रच लागतं.