शॉकनं मरतो, मग शॉकनंच उठतो कसा?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. सोलापुरात हे कुणाला कळलं की लग्नात असो, गड्डा जत्रेच्या गर्दीत असो, प्रश्न ठरलेला. परवा गल्लीतल्या यंत्रमागवाल्या अण्णांनी विचारला, “काय ओ मॅडम, करंट लागून माणूस मरतो, आणि दवाखान्यात करंट देऊनच उठवतात. हे कसं?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, अण्णा. तुमच्या शेडमधल्या पोराला उघड्या वायरीचा झटका बसला तेव्हा त्याची मूठ सुटत नव्हती, आठवतंय? आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होते. हाताचा स्नायू सैल पडायच्या आत पुढचा धक्का येतो, म्हणून तो आखडूनच राहतो. हृदय असं आखडून राहू शकत नाही. ठोका सुरू झाला की जवळपास पाव सेकंद ते बहिरं असतं, नवा झटका ऐकतच नाही.

शिकताना आम्ही हे बेडकाच्या हृदयावर पाहिलं. ड्रमवर काजळी धरलेला कागद फिरायचा, हृदयाला दोऱ्यानं बांधलेली काडी त्यावर पांढरी रेघ ओढायची. आकुंचन चालू असताना झटका दिला, रेघ ढिम्म. सैलावताना दिला, तर एक ठोका मध्येच उसळला आणि पुढं लांबलचक रिकामी जागा. बेडूक मेला म्हणून मी घाबरले. (तो केव्हाच मेला होता.) झटका वाढवला तरी ठोका मोठा होईना. बाउडिच या शास्त्रज्ञानं १८७१ मध्येच हे दाखवलं होतं: हृदय पूर्ण उत्तर देतं, नाही तर देतच नाही. झटका किती मोठा यापेक्षा तो केव्हा पडला, यावर सगळं अवलंबून.

घात होतो तो ठोका संपता संपता. तेव्हा काही पेशी जाग्या झालेल्या असतात, काही अजून बहिऱ्या. नेमका त्याच वेळी धक्का बसला तर हृदयाची स्वतःची, ठोका पाडणारी विजेची लहर सरळ न जाता वळसे घेत फिरत राहते. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं सरकत नाही. आणि सेकंदाला ५० वेळा येणाऱ्या विजेला ती वेळ गाठायला कितीसा उशीर?

दवाखान्यातला शॉक काही मिलिसेकंदांचाच, पण जोरदार. बहुतेक पेशी एकदमच बहिऱ्या होतात, भरकटलेल्या लहरीला पुढं वाट उरत नाही.

“म्हणजे सगळे माग एकदम बंद,” अण्णा म्हणाले. “मग चालू कोण करतं?”

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक बारीक गाठ असते, कीथ आणि फ्लॅक या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये दाखवलेली. ती स्वतःहून ठोके पाडते. सगळं नीट असलं तर तीच पुन्हा ताल धरते.

“आणि तिचंच काम मंदावलं तर?”

तर पेसमेकर, म्हणजे शरीरात बसवलेलं छोटं यंत्र. तो ठोक्याठोक्याला काही व्होल्टचा इवलासा टोला देतो, तेवढा पुरतो. पण मॉनिटरवर रेघ साफ सरळ झाली असेल तर मोठ्या शॉकचा उपयोग नाही. थांबवायला थरथरच नसते. तिथं छाती दाबत राहायची, औषधं द्यायची.

“मग सीरियलवाले सरळ रेघ दाखवून शॉक देतात, ते खोटंच की!”

अण्णांना विजेपेक्षा त्याचाच राग जास्त आला.