पंधरा महिन्यांचं साल

दुपारी चहा टाकायला गेलो तर भिंतीवरचं कालनिर्णय अजून मागच्याच महिन्यात. पान उलटायचा मला मनस्वी कंटाळा आहे. ‘मग दुधाचे खाडे कुठे लिहायचे, कपाळावर?’ असं घरात विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, त्यामुळे मी गप्प बसतो.

गप्प बसलो की मला इसवी सनापूर्वी ४६ हे साल आठवतं. रोममध्ये ते ४४५ दिवस चाललं. आपण दुष्काळात तेरावा महिना म्हणून रडतो; त्यांना पंधरा महिने काढावे लागले. त्यांचं साल मुळात ३५५ दिवसांचं. मेळ बसवायला मधूनच फेब्रुवारीला चिकटून अधिक महिना घालायचा, आणि तो घालायचा की नाही हे धर्माधिकारी ठरवणार. मर्जीतला माणूस पदावर असला की साल लांबायचं, नावडता असला की महिना गायब. या मंडळींचा प्रमुख जूलियस सीझर. तो वर्षानुवर्षं गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या स्वारीवर, नंतर यादवीत. म्हणजे पान उलटायला वेळ नसणारा मी पहिला नव्हे. पंचांग ऋतूंच्या पुढे तीनेक महिने पळालं, तेव्हा त्याने सगळी थकबाकी एकदम चुकवली: फेब्रुवारीनंतर नेहमीचा अधिक, शिवाय नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये आणखी दोन. आमच्याकडे असतं तर जावयाचे ९९ अनारसे झाले असते.

साल गाजलंही. सीझरच्या चार विजययात्रा निघाल्या, पहिल्याच यात्रेत रथाचा आस मोडला. रोमकरांनी पहिल्यांदा जिराफ पाहिला. पण मला सतावतो तो घरभाड्याचा हिशेब. त्या दोन आगंतुक महिन्यांचं भाडं कोणी भरलं असेल? प्रसिद्ध वक्ता सिसरोने मात्र टोला हाणून घेतला. उद्या आकाशात स्वरमंडळ हा तारकासमूह उगवणार, असं कुणी म्हणालं, तर हा म्हणे, हो, तसा हुकूमच आहे.

पुढच्या सालापासून अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या खगोलज्ञाच्या सल्ल्याने ३६५ दिवस, आणि दर चौथ्या वर्षी एक जादा. इथे मला आजी आठवते.

शाळेत नुकतंच गणित कळायला लागलं होतं. आजीला म्हटलं, दिवस सात, मग आठवडा कसा? ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून तिने अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला. ‘मोज. बुधवार एक, गुरुवार दोन…’ फिरून बुधवारवर आली. ‘झाले की नाही आठ?’

‘आजी, पहिला बुधवार धरायचा नाही.’

‘का रे? तो काय फुकट गेला?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

रोमकर आजीच्याच जातीचे. त्यांचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा आणि ते त्याला नववा दिवस म्हणायचे. साहजिकच सीझरच्या मागे धर्माधिकाऱ्यांनी ‘दर चौथं वर्ष’ पेरांवर मोजलं, पहिलं वर्ष धरून. जादा दिवस दर तीन वर्षांनी पडू लागला. ३६ वर्षांत ९ व्हायचे ते १२ झाले. अखेर सम्राट ऑगस्टसने काही वर्षं जादा दिवस बंद ठेवून घोळ निस्तरला. इतकी वर्षं कुणी टोकलं कसं नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. मीही आजीला पुन्हा टोकलं नव्हतं.

चहा उतू गेला. ओटा पुसला, पान उलटलं, आणि पेन्सिल हातात होती म्हणून एक हिशेब केला. सीझरचं सुधारलेलं साल सुरू झालं इसवी सनापूर्वी ४५च्या १ जानेवारीला. त्याचा खून झाला ४४च्या १५ मार्चला. आजीसारखे दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजले, तरी ४४५ भरत नाहीत.