पांढऱ्यावर पांढरं

शनिवार म्हणजे आमच्या धंद्यात माशा मारायचा दिवस. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावस्या, कुणाकुणाचा गुरुवारसुद्धा. लोक डोक्याला हात लावू देत नाहीत. अशा दिवशी येतं ते कॉलेजचं पोर, नाहीतर हे सगळं न मानणारा माणूस. गुरुजी न मानणाऱ्यांतले. 2024 च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी साडेदहाला ते दुकानाची पायरी चढले, तेव्हा दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि माझे वडील, अण्णा, बाकावर पेपर वाचत बसले होते.

दुकान लातुरात, गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर. पत्र्याचं छत, समोरासमोर दोन आरसे, वर संत सेना महाराजांची तसबीर. गुरुजींनी मला सातवीत गणित शिकवलेलं. मधली दोन वर्षं ते पुण्याला मुलाकडे होते, तिथंच त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. परत आल्यावर हात थरथरायला लागले म्हणून घरी दाढी होईना, म्हणून ते माझ्याकडे आले. आठवड्याची दाढी होती, सगळी पांढरी.

मी नेहमीसारखं केलं. गालावर पाण्याचे दोन फवारे मारले, फोमचा डबा हलवला, तळहातावर लिंबाएवढा गोळा काढला आणि चेहऱ्याला फासला. दहा सेकंदांचं काम. नवं ब्लेड त्यांच्यासमोर मोडून अर्धं वस्तऱ्यात घातलं. उजवा गाल झाला, हनुवटी झाली. डाव्या जबड्याच्या खाली आलो आणि पातं क्षणभर अडलं. आवाज वगैरे काही होत नाही, पण हाताला कळतं. फोम आधी गुलाबी झाला, मग लाल.

चामखीळ होती. तुरीच्या डाळीएवढी, दाढीच्या खुंटांत दडलेली. तिचा शेंडा पात्याबरोबर गेला होता. पांढऱ्या दाढीवर बोटभर पांढरा फोम. खाली काय आहे हे मला दिसणारच नव्हतं.

या धंद्यात कापणं नवं नाही. जो म्हणतो माझ्या हातून कधी कापलं नाही, त्याने धंदा केलेला नाही किंवा तो खोटं बोलतोय. तुरटी दाबायची, दोन मिनिटं थांबायचं, विषय संपला. मी तुरटी दाबली, उचलून पाहिलं, रक्त वाहत होतं. परत दाबली, परत उचलली. तुरटीचा खडा लाल झाला. मग टॉवेल घेतला. "काय झालं रे?" गुरुजींनी विचारलं. "काही नाही गुरुजी, जरासं लागलं," असं म्हणताना दुसरा टॉवेल मी हातात घेतला होता. दहा मिनिटं झाली तरी थांबेना. माझ्या पाठीवरून घाम निथळायला लागला.

शेजारच्या मेडिकलवाल्या भाऊंना हाक मारली. त्यांनी आल्या आल्या जखमेकडे नाही, गुरुजींच्या डोळ्यांकडे बघून विचारलं, "रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का?"

"दोन आहेत. एक ॲस्पिरिन, आणि दुसरीचं नाव आठवेना."

"मग काय!" भाऊ माझ्याकडे वळले. "तुम्ही दर मिनिटाला उचलून बघायलात, कसं थांबंल? दाबून धरा आणि घड्याळाकडे बघा. पंधरा मिनिटं."

माझा हात तोवर विश्वासाचा राहिला नव्हता. अण्णांनी पेपर घडी घालून बाकावर ठेवला, भाऊंच्या हातातून गॉजची पट्टी घेतली आणि अंगठ्याने दाबून धरली. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो हात पंधरा मिनिटं तसूभर हलला नाही. दाबता दाबता गुरुजींना विचारत होते, शाळेतला तो लेझीम शिकवणारा मास्तर आहे का अजून, की गेला. मी घड्याळाकडे बघत उभा. पट्टी उचलली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. थांबलं होतं.

स्कूटरवर बसवून गुरुजींना डॉक्टरांकडे नेलं. टाका लागला नाही. त्यांनी जखम साफ करून पट्टी लावली आणि चामखीळ सवडीने काढून घ्या म्हणून सांगितलं. संध्याकाळी पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो जे बोलला ते मी ऐकून घेतलं. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

रात्री शटर ओढताना अण्णा म्हणाले, "ब्रश असता तर लागलं असतं."

मी दिवसभराचा वैतागलेला. म्हटलं, "म्हणजे ब्रशनंही कापलंच असतं म्हणता!"

"हाताला लागलं असतं, बाबा. पात्याच्या आधी."

त्या रात्री झोप आली नाही. अण्णांच्या धोकटीत साबणाची वाटी असायची, गोदरेजचा गोल साबण आणि डुकराच्या केसांचा ब्रश. चेहऱ्यावर ते ब्रश दोन-तीन मिनिटं फिरवत राहायचे. लहानपणी मला वाटायचं, हे गप्पा मारायला वेळ काढतायत. आता कळत होतं की त्या मिनिटांत त्यांचा हात गिऱ्हाइकाचा चेहरा वाचत होता. कुठे पुटकुळी, कुठे चामखीळ, गळ्याखाली केसांचा भोवरा कुठल्या बाजूला फिरतो, सगळं. ब्रश गाठीवर अडखळतो. तळहाताने फोम फासला तर तो त्या गाठीवरून सरळ घसरून जातो.

मग मी ब्रश सोडला कशाला? ते सांगायला 2016 मध्ये जावं लागेल. लातूरकराला त्या साली काय झालं ते विचारायची गरज नाही. मांजरा धरण कोरडं पडलेलं, टँकरवर मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून पाणवठ्यांवर 144 कलम लावलेलं. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती बघायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. अशा दिवसांत दुकानात घागरभर पाणी राखून दिवस काढायचा. तेव्हा मी फोमचे डबे आणले. पाणी नको, वाटी नको, ब्रश धुणं नको. अण्णांनी एकदा डबा हातात घेऊन हलवून बघितला, परत ठेवला, बोलले काहीच नाहीत. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, धरण भरलं, आणि डबे तसेच राहिले.

पाणी वाचवायला म्हणून आणलेले डबे. आता मी चमच्याने मोजून पाहिलं. एका दाढीचा फेस करायला दोन-तीन चमचे पाणी लागतं. खरं पाणी जातं ते तोंड धुण्यात आणि वस्तरा खळबळण्यात, आणि ते फोममध्येही तेवढंच जातं. म्हणजे माझा हिशेबच चुकलेला, आणि तोही गणिताच्या मास्तरांच्या गालावर उघड झाला.

डब्यावरची बारीक अक्षरं आठ वर्षांत पहिल्यांदा वाचली. आत ब्युटेन, प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलेच वायू. पन्नास अंशांवर तापू देऊ नका, असंही लिहिलेलं. मे महिन्यात माझ्या पत्र्याखालच्या फळीवर काय तापमान असेल, ते सेना महाराजांनाच ठाऊक. हाच वायू बाहेर पडताना फुगतो आणि फोम होतो. म्हणून तो दिसतो डोंगराएवढा, पण आत बहुतेक सगळी पोकळी. केस मऊ होतो तो पाण्याने. कोरडा केस तारेसारखा असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरला की पातं बिनबोभाट जातं. फेसाचं काम काय, तर ते पाणी केसाला धरून ठेवणं आणि पात्याला घसरायला वाट देणं. दहा सेकंदांत फासलेला फोम यातलं काय करणार?

दुसऱ्या दिवशी अण्णांची वाटी काढली. रविवार होता, दुकान भरलेलं. मोठ्या रुबाबात ब्रश फिरवला आणि फेसच येईना. आला तो दुधावरच्या पाणचट बुडबुड्यांसारखा, गालावर पोचेपर्यंत विरून गेला. कडेला पांढरा चिकट कीट तेवढा उरला. पोरं हसायला लागली. मी पुन्हा डबा उचलला.

दोष बोअरच्या पाण्याचा होता. आमच्याकडचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि त्याचा कीट करतं, फेस करायला साबण उरतच नाही. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबण काय फुलणार! अण्णा पूर्वी नळाचं पाणी भरून ठेवायचे, हे मला आठवलंच नव्हतं. आता मी प्यायच्या पाण्याच्या जारमधलं पाणी थर्मासमध्ये गरम करून ठेवतो. गिऱ्हाइकाला सांगितलं तर म्हणेल, लातूरला ही चैन! पण दोन-तीन चमचेच तर लागतात.

पुढचा महिना मी रोज रात्री स्वतःच्या दाढीवर शिकलो. ब्रश आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, डुकराच्या केसाला पाणी प्यायला वेळ लागतो. मग पिळायचा. इथं नवशिका चुकतो. ब्रश निथळता ठेवला की साबण पातळ होऊन वाटीभर पसरतो. साबणावर अर्धा मिनिट घोळवायचा, मग थेंब थेंब पाणी घालत जायचं. बुडबुडे डोळ्यांना दिसत असतील तर पाणी जास्त, ब्रश ओढल्यासारखा वाटला तर कमी. नीट जमला की फेस चकाकतो, चक्क्यासारखा घट्ट पण ओला, आणि वाटी कलंडली तरी जागचा हलत नाही. गालावर आधी गोल गोल, केसाच्या मुळाशी शिरेल असा. मग वरखाली सारवून घ्यायचं. सुलट्या हाताने, म्हणजे केसाच्या दिशेने, एकदा काढायचं, पुन्हा फेस लावायचा, आणि मगच आडवा हात. उलटा हात, केसाच्या विरुद्ध, मी गुरुजींच्या वयाच्या माणसाला आता देतच नाही.

दुकानासाठी मला साबणाच्या वडीपेक्षा क्रीम बरं वाटतं. ट्यूबमधून बदामाएवढं वाटीत काढलं की झालं, वापरलेला ब्रश वडीला लागायचा प्रश्न नाही. अण्णांच्या मते क्रीम म्हणजे आधीच भिजवलेला साबण, आळशाचं काम. चूक नाहीत ते. आणि फेसाला गोडी वडीची जास्त, हेही खरं.

ब्रशवर संशय घेणारं गिऱ्हाईक मूर्ख नसतं. नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली तेव्हाच तर आम्ही दर माणसाला नवं ब्लेड घालायला शिकलो. आणि मेडिकलवाल्या भाऊंनी सांगितलं, पहिल्या महायुद्धाच्या काळात तर इंग्लंड-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांमधून अँथ्रॅक्स झाला होता. म्हणून अण्णांचा ब्रश आता माझ्या एकट्याच्या दाढीला. दुकानात सहा कृत्रिम केसांचे ब्रश घेतले. एकाला वापरला की साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, जंतुनाशकात बुडवून, केस खाली करून टांगायचा. वाळेपर्यंत दुसऱ्याला लावायचा नाही. ज्याला तरीही नको त्याला हाताने लावतो. बरेच जण स्वतःचा ब्रश आणून ठेवतात. फळीवर आज अकरा आहेत, प्रत्येकाच्या मुठीवर चिकटपट्टीने नाव.

आठ मिनिटांची दाढी चौदाची झाली आहे. रविवारी त्यामुळे तीन-चार गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडे जातात, जाऊ देत. क्लासच्या पोरांना दाढी काढायचीच नसते, कोरायची असते. तिथे रेघ दिसायला हवी, म्हणून त्यांना पारदर्शक जेल. फेस तिथे काय कामाचा? फोमचा एक डबाही आहे अजून, मागितला तर देतो.

गुरुजी पाच आठवड्यांनी आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. चामखीळ काढून घेतली होती, जागेवर गुलाबी ठिपका तेवढा. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी स्वतःचा जुना ब्रश काढला, हस्तिदंती रंगाच्या मुठीचा, मधले केस झिजून खळगा पडलेला. "हा वापर," म्हणाले. मी थर्मास उघडला. डाव्या जबड्याखाली ब्रश फिरवताना तिथं काही लागलं नाही, तरी मी त्या जागेवर जरा जास्तच घुटमळलो. आरशात गुरुजी माझ्याकडेच बघत होते.

"काय अण्णा," त्यांनी मान न हलवता विचारलं, "जमायलंय का पोराला?"

अण्णांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून वाटीत डोकावून बघितलं.

"पाणी जास्त झालंय," म्हणाले, आणि परत वाचायला लागले.