हार्बिन: रेल्वेने वसवलेलं, रेल्वेनेच उठवलेलं रशियन गाव

सोंगहुआ नदीवरचा जुना रेल्वेपूल आता पायी फिरायला मोकळा केलाय. 1901 पासून त्यावरून गाड्या धावत होत्या, 2014 मध्ये त्या थांबल्या. शेजारच्या नव्या पुलावरून वेगवान गाड्या सुसाट जातात. जुन्यावर मध्ये मध्ये काचेची जमीन आहे. माझ्या पुढच्या आजीबाई नातवाचा हात घट्ट धरून काचेला वळसा घालून गेल्या. मीही गुपचूप त्यांच्या मागून.

ईशान्य चीनमधल्या या शहरात लोक जानेवारीत येतात, बर्फाचे महाल बघायला. मी आलो उन्हाळ्यात, रशियनांनी वसवलेलं हार्बिन शोधायला, आणि सुरुवात पुलापासूनच करायला हवी होती. कारण रशियन इथे आले ते रेल्वेमुळे. सैबेरियातून व्लादिवोस्तोकला जाणारी लाइन आमूर नदीच्या कडेकडेने न्यायची तर फार मोठा वळसा पडत होता. 1896 मध्ये झारच्या सरकारने चीनच्या दुबळ्या झालेल्या चिंग दरबाराकडून मांचुरियातून, म्हणजे याच ईशान्य चीनमधून, आडवी लाइन टाकायची परवानगी मिळवली. रूळ जिथे नदी ओलांडणार आणि दक्षिणेकडे पोर्ट आर्थर बंदराचा फाटा फुटणार, तिथे 1898 मध्ये कामाचं मुख्य ठाणं पडलं. तेच हार्बिन.

हे रशियन सुरुवातीला निर्वासित नव्हते. इंजिनिअर, फिटर, पहारेकरी, पाववाले, पाद्री अशी सगळी फौज पगारावर आलेली. ‘रशियन’ म्हणायचं तेही सैल अर्थाने: त्यांत पोलिश होते, ज्यू होते, तातार होते. 1900 मध्ये इथे बिअरचा कारखाना काढणारा व्रुब्लेव्स्की पोलिश होता. मागोमाग पिठाच्या गिरण्या, सोयाबीन तेलाच्या घाण्या, साखर कारखाना आला. रेल्वेच्या पट्ट्यात कारभार रशियन, पोलीस रशियन, चलन रूबल. मातीकाम करणारे हजारो मजूर मात्र शांतुंग वगैरे प्रांतांतून आलेले चिनी, आणि त्यांची वस्ती पट्ट्याबाहेर, फुजियादियानमध्ये. आजच्या दाओवाइ भागात ती गल्लीबोळांची वस्ती अजून दिसते. पर्यटक तिथे कमी फिरकतात. खरं तर हार्बिनची गोष्ट तिच्याशिवाय अर्धीच राहते.

1910-11 च्या हिवाळ्यात फुप्फुसाच्या प्लेगने सर्वाधिक बळी घेतले ते याच वस्तीत. मांचुरियात तेव्हा सुमारे 60,000 माणसं दगावली. डॉ. वू ल्येन-तेह यांनी कापडी मास्क आणि विलगीकरणावर भर देऊन साथ आटोक्यात आणली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. रशियन पथकाचे प्रमुख झाबोलोत्नी 1897 मध्ये प्लेगचाच अभ्यास करायला आपल्या मुंबईत येऊन गेले होते, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

1917 च्या क्रांतीनंतर चित्र पालटलं. यादवी युद्धात हरलेले सैनिक, अधिकारी, प्राध्यापक, व्यापारी याच रुळांवरून इकडे आले आणि 1920 च्या दशकात रशियनांची संख्या लाखाच्या वर गेली. सेंट सोफिया चर्चची आजची इमारत त्याच काळातली, 1923 ते 1932 मध्ये बांधलेली. हिरवा कांदेघुमट, लाल विटा, समोर भाड्याचा झगा घालून राजकन्या झालेल्या मुली. मधल्या काळात तिचं गोदाम झालं होतं, आता आत प्रदर्शन आहे.

मध्यवर्ती रस्त्यावर, दगडी फरसबंदीच्या झोंगयांग दाज्येवर, मोडर्न हॉटेलच्या खिडकीशी आइस्क्रीमच्या कांडीसाठी रांग असते. मीही खाल्ली, दुधाळ आहे, गोड बेताचं. हॉटेलचे तेव्हाचे मालक योसिफ कास्पे, ज्यू. त्यांचा पियानोवादक मुलगा सेम्योन याला 1933 मध्ये खंडणीसाठी पळवून ठार मारलं. पळवणारे रशियन फासिस्ट होते, आणि शहर तेव्हा जपान्यांच्या ताब्यात असूनही त्यांच्या पोलिसांनी हात झटकले. त्यानंतर अनेक ज्यू कुटुंबांनी गाशा गुंडाळला.

पण इथल्या बहुतेकांचं नशीब ठरलं ते रेल्वे कोणाच्या हाती, यावरून. 1924 च्या करारानंतर ती सोव्हिएत आणि चिनी सरकारने मिळून चालवायची ठरली आणि नोकरी टिकवायची तर यांपैकी एका देशाचं नागरिकत्व घेणं भाग पडलं. कित्येकांनी पोटासाठी सोव्हिएत पासपोर्ट घेतला. त्यांना चेष्टेने लाल सालीचे ‘मुळे’ म्हणत: वरून लाल म्हणजे साम्यवादी, आतून पांढरे म्हणजे क्रांतीविरोधी. 1935 मध्ये सोव्हिएत संघाने रेल्वे जपानच्या अंकित मांचुकुओ राज्याला विकली आणि हजारो कर्मचारी कुटुंबांसह ‘मायदेशी’ परतले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर 1937 मध्ये, त्यांना जपानी हेर ठरवणारा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा आदेश क्र. 00593 निघाला. त्याखाली 30,000 हून अधिक लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. इथे राहिलेल्यांचंही धड झालं नाही: 1945 मध्ये लाल सेना आली आणि अनेकांना धरून छावण्यांत घेऊन गेली. 1952 च्या अखेरीस रेल्वे पूर्णपणे चीनची झाली. मग उरलेसुरले कोणी सोव्हिएत संघात, कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी ब्राझीलमध्ये पांगले.

त्यांचा पाव, लाल सॉसेज आणि क्वास (पावापासून आंबवलेलं पेय) चुरिनच्या दुकानात आजही मिळतो. दुकानात रशियन कोणी दिसलं नाही, गर्दी सगळी चिन्यांची, आणि पाव घ्यायला चांगलीच झुंबड. रेल्वेसाठी इंजिनिअर घडवायला 1920 मध्ये काढलेली शाळा आज चीनमधल्या नामांकित तंत्रविद्यापीठांपैकी एक आहे.

1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीत पाडलेल्या सेंट निकोलसच्या लाकडी चर्चची प्रतिकृती शहराबाहेरच्या एका रशियन थीम पार्कात उभारली आहे. तिकीट काढून ती बघावीशी मला वाटली नाही. त्यापेक्षा हुआंगशानची दफनभूमी बघा. 1958 मध्ये शहरातल्या कबरी तिकडे हलवल्या. रशियनांच्या एका बाजूला, ज्यूंच्या दुसऱ्या. इस्रायलचे माजी पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांचे आजोबा तिथेच आहेत. ठिकाण बरंच बाहेर आहे, परतीची टॅक्सी सहजी मिळत नाही. नेलेली गाडी थांबवूनच ठेवा.