घड्याळाकडे बघत बसण्याचा खेळ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही, कारण दोन मिनिटांत समोरच्याची नजर मोबाईलकडे वळते. ट्रॅव्हियन म्हणजे इंटरनेटवर, ब्राउझरमध्येच खेळायचा गावं वाढवण्याचा आणि लढायांचा खेळ. 'त्या ट्रॅव्हियनमध्ये एवढं आहे तरी काय?' हा प्रश्न ऑफिसात माझ्या स्क्रीनवर डोकावून गेलेल्या प्रत्येकाने विचारलाय. आमच्या वहिनींचं म्हणणं तर असं, की त्यापेक्षा रेल्वेचं वेळापत्रक वाचावं, निदान त्यातली गाडी कुठेतरी पोचते.

वहिनींचं अगदीच चूक नाही. पडद्यावर खरंच काही घडत नाही. एक गाव, त्याभोवती अठरा शेतं-खाणी, आणि चार आकडे: लाकूड, माती, लोखंड, धान्य. काही बांधायला घेतलं की घड्याळ उलटं मोजायला लागतं, सुरुवातीला काही मिनिटांचं, पुढे पुढे कित्येक तासांचं. सैन्य पाठवलं तर तेही घड्याळच. लढाई दिसतच नाही. तिचा अहवाल येतो, तोही तक्त्यात: किती आले, किती मेले, लूट किती.

या खेळांची पेठ म्हणजे जर्मनी. ओगेम २००२ मध्ये आला, ट्रायबल वॉर्स २००३ मध्ये, आणि म्युनिकच्या मंडळींचा ट्रॅव्हियन २००४ मध्ये. काही उतरवून घ्यायचं नाही, भारी कॉम्प्युटर नको, सायबर कॅफेतलं रखडणारं नेटही पुरायचं. आपल्याकडे हॉस्टेलांमधून आणि ऑफिसांमधून हे पसरलं त्याचं साधं कारण हेच. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई एक्सेल भरतेय.

पण मी राहिले ती वेगळ्या कारणासाठी. बाकीचे खेळ तुम्ही उठलात की थांबतात. हा थांबत नाही. तुम्ही झोपा, मीटिंगला बसा, लग्नाला सांगलीला जा, शेतात धान्य पिकतंय आणि शेजारचा ट्यूटन तुमच्या गावाकडे चालत येतोय. (ट्यूटन, गॉल या खेळातल्या टोळ्या, खेळाडूने त्यातली एक निवडायची.) त्यामुळे खेळ खरा चालतो तो तुम्ही स्क्रीनपासून लांब असताना, डोक्यात.

एक उदाहरण देते, म्हणजे कळेल. नकाशावर अंतर म्हणजे वेळ. ट्यूटनांचे दांडकेवाले, ज्यांना सगळे क्लब्ज म्हणतात, तासाला नकाशावरचे ७ चौकोन, म्हणजे ७ घरं, चालतात. गॉलांचं थंडर नावाचं घोडदळ १९. इमारती पाडणारं दगडफेकीचं यंत्र, कॅटापुल्ट, मात्र फक्त ३. आणि अख्खं सैन्य चालतं ते त्यातल्या सगळ्यात मंद गड्याच्या चालीने. हल्ला येतोय असं दिसलं की नक्की कळतं ते एवढंच: कुठून आणि किती वाजता. सैन्याच्या जागी प्रश्नचिन्हं. समजा, शत्रूचं गाव २१ घरांवर आहे. तासाभरापूर्वी तुम्ही पाहिलं तेव्हा काही नव्हतं, आणि आता हल्ला दिसतोय, पोचायला सव्वासहा तास. नुसते क्लब्ज असते तर तीन तासांत आले असते. हा एकूण सातेक तास घेतोय, म्हणजे तासाला ३ घरं. म्हणजे सोबत कॅटापुल्ट आहेत. तो लुटायला येत नाहीये, इमारती पाडायला येतोय.

आता गंमत अशी, की हे त्यालाही माहीत असतं. म्हणून तो तुमच्या दहा गावांवर दहा हल्ले पाठवतो, नऊंमध्ये एकेकच कॅटापुल्ट. सगळे त्याच चालीने, एकाच सुमाराला येणार. या खोट्या हल्ल्यांना इंग्रजीतलं फेक म्हणतात. खरा कुठला? इथे गणित संपतं आणि माणूस ओळखायला लागतो. हा गडी हिशेबी आहे की तोरा मिरवणारा? हिशेबी असेल तर कोठारावर येईल, कारण कोठार पाडलं की तुमचं सैन्य उपाशी मरतं. तोऱ्याचा असेल तर तुमच्या सगळ्यात मोठ्या गावावर. ते सहा तास मी भाजी निवडत असते, लोकलमध्ये उभी असते आणि एका अनोळखी परदेशी माणसाच्या स्वभावाचा विचार करत असते. दुसऱ्या कुठल्या खेळाने मला हे दिलेलं नाही.

बरं, कुठलं गाव ते ठरलं तरी काम संपत नाही. सगळी मदत तिथे बोलावली, की तिचं पोट आपल्याला भरावं लागतं. पायदळातला एकेक शिपाई तासाला एकेक धान्य खातो, घोडदळ त्याहून जास्त. मदतीला आलेलं सैन्य म्हणजे जानवशाला उतरलेलं वऱ्हाड, खर्च यजमानाचा. धान्य संपलं की माणसं मरायला लागतात, शत्रू यायच्या आधीच. म्हणून 'डेफ पाठवा', म्हणजे बचावाचं सैन्य पाठवा, असा निरोप टाकला की पाठोपाठ 'क्रॉप पण पाठवा', म्हणजे धान्य, असा दुसरा टाकावा लागतो. मग कोणाचे व्यापारी कधी पोचतात याची वेगळी घड्याळं.

एकट्याने हे जमत नाही. ट्रॅव्हियनमध्ये एक खातं दोघांनी चालवायची रीत आहे, त्याला ड्युअल म्हणतात. माझा ड्युअल पोलंडमधला कॉलेजचा मुलगा. युरोपातले हल्ले मुद्दाम रात्री अडीच-तीनला पोचतील असे लावतात, कारण तेव्हा माणूस गाढ झोपेत असतो. त्यांच्या उन्हाळ्यात तिकडचे रात्रीचे अडीच म्हणजे आपल्याकडचे सकाळचे सहा. तोवर माझा पहिला चहा झालेला असतो! पहाटे उठायच्या सवयीला आमच्या घरात कोणी विचारत नाही, पण आमच्या अलायन्समध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, तिला फार मान आहे. त्याच्या रात्रीची राखण माझ्याकडे, माझ्या रात्रीच्या पहिल्या प्रहराची त्याच्याकडे. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही. परीक्षा कधी आहे, घरी कोण आजारी आहे हे मात्र माहीत असतं, कारण त्यावर पाळ्या ठरतात.

कॅटापुल्टच्या लाटा एकेका सेकंदाच्या अंतराने येतात. पहिली लाट बचाव झाडून टाकते, मागच्या पाडापाडी करतात. पहिली गेल्यावर आणि दुसरी यायच्या आत आपलं सैन्य गावात पोचवायचं, ही या खेळातली सगळ्यात अवघड कामगिरी. पोरगा ती करतो. मी माझे हात थरथरतात म्हणून त्या भानगडीत पडत नाही.

हे सगळं एक दिवस संपतं, आणि तेच मला सगळ्यात आवडतं. शेवटी शेवटी जगातलं आश्चर्य बांधायची शर्यत लागते. ज्याचं आश्चर्य पहिल्यांदा १०० व्या पातळीला जाईल, तो जिंकला. बांधणारं गाव एकच, पण तिथल्या सैन्याला इतकं धान्य लागतं की शेकडो खेळाडूंचे व्यापारी दिवसरात्र तिकडे रांग लावतात. जिंकलेल्याचं नाव झळकतं, सर्व्हर, म्हणजे खेळाचं ते अख्खं जग, बंद होतो आणि सगळ्यांची सगळी गावं पुसली जातात. साधारण वर्षभराची कमाई शून्य. नव्या सर्व्हरवर सगळे पुन्हा एकेका गावापासून. वडिलोपार्जित काही नाही.

मनातून उतरतं ते सोनं. खरे पैसे देऊन खेळातलं सोनं घ्यायचं आणि चालू बांधकाम एका क्लिकमध्ये संपवायचं, हे मला पटत नाही. जो खेळ वाट बघण्याचा आहे, त्यात वाट बघणं टाळायचे पैसे का घ्यावेत? कंपनीला पोट आहे, कबूल. तरी.

वेळ फुकट जात नाही का, हा पुढचा प्रश्न असतो. जातो की. संध्याकाळच्या मालिकांतही जातो, त्यांची झडती कोणी घेत नाही.

खेळून बघायचंच असेल तर गॉल घ्या, नवख्याला तेच बरे. क्रॅनी आधी बांधा. ती म्हणजे तळघर, त्यात लपवलेलं लुटता येत नाही, आणि गॉलांची क्रॅनी इतरांपेक्षा मोठी असते. सुरुवातीच्या दिवसांचं संरक्षण संपायच्या आत जवळची अलायन्स गाठा. आणि शेजारी ट्यूटन असेल तर त्याला आधी गोड निरोप पाठवा. उत्तर आलं नाही, तर आणखी एक क्रॅनी बांधा.