मेर्तोला: नदीकडून वर चढत पाहायचं गाव

मेर्तोला पोर्तुगालच्या आग्नेय कोपऱ्यात, बेझा जिल्ह्यात आहे. लिस्बनहून बेझापर्यंत रेल्वेने येता येतं, मध्ये काझा ब्रांकाला गाडी बदलायची. मेर्तोलाला रेल्वे नाही, त्यामुळे पुढचे सुमारे 50 किलोमीटर रस्त्यानेच. बस मोजक्या असतात, म्हणून परतीची वेळ बघूनच निघावं. सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी संग्रहालयं बहुतेक बंद असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो आणि किल्ल्यावर सावली जवळजवळ नाहीच, तेव्हा मार्च ते मे हे महिने उत्तम.

मेर्तोला हा ‘कोन्सेल्यु’, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या तालुक्यांनाही हाच शब्द होता. याचं क्षेत्रफळ सुमारे 1,293 चौरस किलोमीटर, गोव्याच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. पण 2011च्या जनगणनेत इथे माणसं होती 7,274. जमीन शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकाची, मातीचा थर पातळ, पाऊस कमी. एवढ्या ओसाड मुलखात मोठं गाव वसलं ते ग्वादियाना नदीमुळे. समुद्राच्या भरतीचा जोर नदीतून इथपर्यंत पोचतो. वरच्या अंगाला पुलु दु लोबु, म्हणजे ‘लांडग्याची उडी’, या धबधब्यापाशी पात्र अरुंद घळीत शिरतं आणि नौकांची वाट बंद होते. म्हणून माल उतरायचा तो मेर्तोलाला.

यासाठीच सुरुवात नदीकाठी करावी, किल्ल्यावर नाही. बहुतेक जण गाडी लावून थेट किल्ला चढतात आणि हे गाव मुळात बंदर होतं हेच त्यांच्या नजरेतून सुटतं. खाली ग्वादियानाला ओएइराश ओढा मिळतो. तीन बाजूंनी उतार आणि दोन बाजूंनी पाणी, असं हे टेकाड आहे. काठावर ‘नदीच्या बुरुजा’चे दगडी खांब अजून उभे आहेत. वेढा पडला तरी गावाला पाण्यापर्यंत पोचता यावं, यासाठी तटाची ही सोंड थेट नदीत नेलेली होती.

नावांमध्येही असेच थर सापडतात. रोमन काळात हे मिर्तिलिस, अरबी अमदानीत मार्तुला, आता मेर्तोला. नदीचं रोमन नाव आनास. अरबांनी त्याला ‘वादी’ म्हणजे नदी हा शब्द जोडला आणि ग्वादियाना झालं. तालुक्यात आल्कारिया रुइवा, आल्कारिया लोंगा अशी गावं लागतात. हे ‘अल्-कर्या’, म्हणजे गाव. किल्ल्यालगतच्या भागाला आल्कासोवा म्हणतात, मूळ ‘अल्-कसबा’. पुण्याच्या कसबा पेठेतला कसबा तो हाच शब्द!

आल्कासोवात रोमन काळातली सुमारे 32 मीटर लांबीची भुयारी दालनं आहेत, पुढे त्यांची पाण्याची टाकी झाली. वरच्या अंगाला 12व्या शतकातल्या, अल्मोहाद या उत्तर आफ्रिकी मुस्लिम राजवटीच्या काळातल्या वस्तीचे पाये. घर ओळखायची खूण म्हणजे मधला चौक, भोवती खोल्या, एका कोपऱ्यात चूल आणि गल्लीकडे उतार दिलेला शौचकूपाचा नाला. जवळच अशा घराची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. ती आधी पाहिली की पायाच्या भिंतींचा नकाशा उमगतो. हे उत्खनन 1978पासून चालू आहे.

खरा वेळ द्यावा तो खालच्या चर्चला. ही 12व्या शतकाच्या उत्तरार्धातली मशीद. 1238मध्ये सांतियागो या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांनी गाव घेतल्यावर तिचं चर्च झालं, पण इमारत पाडली नाही. मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, मुख्य वेदीच्या मागच्या भिंतीत आहे. दारातून आत पाहून परत फिरलात तर तो दिसणार नाही. वेदीच्या बाजूने मागे जावं. बहुकोनी कोनाडा आणि गिलाव्यात कोरलेल्या आंधळ्या, म्हणजे आरपार उघड्या नसलेल्या, कमानी दिसतील. चार दरवाजांच्या, घोड्याच्या नालासारख्या कमानीही जुन्याच. डोक्यावरचं फासळ्यांचं घुमटी छत मात्र 16व्या शतकातलं, त्यामुळे छतावरून काळ ठरवू नये. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं.

इस्लामी कला संग्रहालयात ‘कोरड्या दोरी’ची भांडी जवळून पाहा. मॅंगेनीज तेलकट पदार्थात कालवून रेषा काढायची आणि मधल्या कप्प्यांत झिलईचे रंग भरायचे. तेलामुळे रंग एकमेकांत मिसळत नाहीत; भट्टीत तेल जळून जातं आणि काळी रेषा उरते. जिथे रेषा तुटली तिथे रंग वाहिलेला दिसतो. मला तर अशी चुकलेली भांडी सर्वात बोलकी वाटतात.

किल्ल्याचा मोठा बुरुज 1292चा, सांतियागो पंथाने बांधलेला. याच किल्ल्यात 1144मध्ये सूफी पुढारी इब्न कासीने आल्मोराविदांविरुद्ध, म्हणजे अल्मोहादांच्या आधीच्या राजवटीविरुद्ध, बंडाचा झेंडा उभारला होता. वर पोचल्यावर आधी चर्चच्या पांढऱ्या छपराकडे पाहावं, मग त्याच्या पलीकडे नदीकडे. गल्ल्यांतल्या गोट्यांवर पाय घसरतो, विशेषतः पावसानंतर. रबरी तळाचे बूट घालावेत आणि गाडी तटाबाहेरच ठेवावी.